गुडघ्यांवरचा कापूस

धाकटीच्या पत्रात एक प्रश्न होता. तिकडच्या हॉस्टेलच्या अर्जात धर्माच्या रकान्यानंतर आणखी एक रकाना आहे, ख्रिस्ती असाल तर कुठल्या पंथाचे, आणि ती विचारते, ‘आजी, आपण नक्की कोण?’ उत्तर एका शब्दात देता येईल. पण तेवढा एकच शब्द लिहिला तर माझ्या आईला तो पटणार नाही, असं मला अजून वाटतं. म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी हे सविस्तर आणि क्रमाने लिहिते. क्रमाने लिहायची मला सवय आहे. तुमचे आजोबा तिला खोड म्हणायचे.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. जालना निजामाच्या राज्यात होतं. कचेरीत उर्दू, घरी मराठी, आणि माझे वडील शिकवायचे त्या मिशनच्या शाळेत इंग्रजी, असा आमचा कारभार. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, आणि तेवढ्यातही मंडळ्या दोन. एक आमची, शाळेजवळच्या देवळातली. दुसरी छावणीतली. छावणीतली पलटण केव्हाच उठून गेली होती. तिचं देऊळ मागे राहिलं, आणि त्यात रेल्वेतली, पोस्टातली अशी नोकरीवाली ख्रिस्ती कुटुंबं जमायला लागली.

आमच्यात आणि त्यांच्यात मोठमोठे फरक होते म्हणे. मला दिसायचा तो एकच. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची भाकर, आम्ही बसून घ्यायचो. जमिनीवर सतरंज्या, त्यांवर रांगा, आणि मंडळीचे वडील, म्हणजे वयाने नव्हे, निवडून दिलेले वडील, रांगांमधून भाकरीचं ताट फिरवायचे. छावणीवाले मात्र उठून पुढे जायचे, कठड्यापाशी गुडघे टेकायचे, आणि पाळक त्यांच्या तळहातावर भाकर ठेवायचे. त्यावरून आम्ही पोरं त्यांना ‘गुडघेवाले’ म्हणायचो आणि ते आम्हाला ‘बैठे’. नळावर घागरी लावताना भांडण झालं की ही नावं हमखास निघायची. मोठी माणसं नावं ठेवायची नाहीत, पण एकमेकांच्या ताटातलं घ्यायचीही नाहीत. बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कुणाला भाकर द्यायची नाही, असा छावणीचा नियम. आणि बिशपांवाचून आमचं काय अडलंय, असा आमच्या लोकांचा ताठा.

आता मावशी. ती आईची थोरली बहीण. दोघी घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या, ‘बैठ्यां’च्याच घरच्या. माझे आजोबा तिथल्या मातीच्या छोट्या देवळाची देखभाल करायचे. खेड्यात पाव कुठला, प्रभुभोजनाला गव्हाची पोळी असायची. दोघी बहिणींना मंडळीत घेतलं त्या दिवशी माणसं जास्त आली आणि पोळी कमी पडली. आजोबांनी दोघींच्या पुढे मिळून एकच तुकडा धरला. मावशीने तो मोडला आणि मोठा अर्धा आईला दिला. पुढे मावशीचं लग्न रेल्वेतल्या सिग्नलवाल्याशी झालं, ते घर गुडघेवाल्यांचं. आईचं लग्न माझ्या वडिलांशी. दोघी जालन्यातच आल्या, दर रविवारी दुपारी भेटायच्या, एका ताटात जेवायच्या, एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या. फक्त सकाळी दोघी दोन देवळांत. तो अर्धा तुकडा खाल्ला त्यानंतर दोघींनी प्रभुभोजन एकत्र घेतलं नव्हतं.

त्या वर्षी थंडी सरता सरता काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, बदली काझीपेठेला झाली. ईस्टर झाला की निघायचं. काझीपेठ म्हणजे तेलुगू मुलूख, आणि तिथून जालन्याला येणं म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा.

वडिलांकडे एक इंग्रजी वर्तमानपत्र आठवडाभर उशिरा यायचं. दक्षिणेतल्या वेगवेगळ्या मंडळ्या एक व्हायच्या वाटाघाटी करत आहेत, असं त्यात अधूनमधून असायचं, आणि बाबा ते जेवताना मोठ्याने वाचायचे. त्या दिवशी आईने भाकरी थापता थापता विचारलं, ‘तुमचं ते एक होणं कधी व्हायचं?’

‘बोलणं चालू आहे. मोठी कामं आहेत. वर्षं लागतात.’

‘अक्का जायच्या आत होईल का?’ मावशीला ती अक्का म्हणायची.

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.  जेवण झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि सरळ छावणीच्या पाळकांकडे गेले.

तिथून पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं होतं त्याला मी दुसरं काय म्हणू, लगीनघाईच होती ती. छावणीच्या पाळकांनाही ही गोष्ट मनातून हवी होती. त्यांनी बिशपसाहेबांना पत्र घातलं. उत्तर येईपर्यंत मी रोज शाळा सुटल्यावर पोस्टावरून घरी यायचे, लांबचा रस्ता असला तरी. पोस्टमनने एकदा विचारलं, ‘क्या बेटी, कुणाची मनीऑर्डर आहे?’ मी म्हटलं, बिशपांचं पत्र आहे. तो म्हणाला, ‘मंग तर टाइम लगेगा.’

तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. बाबांनी ते आधी स्वतः वाचलं, मग मला वाचायला दिलं. लांबलचक इंग्रजी होतं, त्यात बरेच पणपरंतु. पण मधोमध अर्थ असा होता, की या एका वेळेस, दोन्ही पाळक सोबत असतील तर, भक्तीने येणाऱ्या कुणालाही परत पाठवू नये. मी ती ओळ दोनदा वाचली आणि आईला मराठीत सांगितली. आई चुलीपुढे होती. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘परत वाच. बराबर वाच. कुणालाही म्हनजे मलाबी?’

मग वाद सुरू झाले. पहिला, कुणाच्या देवळात? छावणीत म्हटलं की आमच्यातले रुसायचे, आमच्यात म्हटलं की ते. शेवटी बाबांनी कापसाच्या जिनाची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची, शेड मागितली. हंगाम संपला होता, यंत्रं बंद होती. जिनाचे मालक शेठ जैन होते, त्यांनी विचारलं, ‘मास्तर, तुमच्या लोकांना दोन देवळं पुरत नाहीत काय?’ बाबा म्हणाले, ‘शेठजी, दोन आहेत हीच तर अडचण.’ शेठ हसले आणि किल्ली दिली. दुसरा वाद भाकरीचा. छावणीवाल्यांच्या पातळ चकत्या पोस्टाने यायच्या आणि आमच्या उन्हाळ्यात पोचेपर्यंत वाकायच्या, तेव्हा पाव ठरला. तिसरा वाद सगळ्यांत मोठा: बसायचं की गुडघे टेकायचे? तीन बैठका झाल्या. एका बैठकीत एक जण चिडून उठून गेले आणि छत्री विसरली म्हणून परत आले, मग बसले. अखेर ठरलं ते असं: ज्याने त्याने आपल्या रीतीने. शेडच्या डाव्या अंगाला छावणीवाले, उजवीकडे आम्ही. आधी गीत, गीत चालू असताना गुडघेवाल्यांनी पुढे यायचं, आणि मग बसलेल्यांमध्ये ताट फिरेल.

उपासनेचा क्रम लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं. मी प्रत्येक प्रत आखून घेतली, डाव्या बाजूला अंक, उजवीकडे बाब. सातव्या अंकापुढे लिहायचं, ‘प्रभुभोजन, आपापल्या रीतीने’. ही ओळ मी प्रत्येक वेळी सगळ्यांत सावकाश लिहायचे. एका संध्याकाळी प्रती लिहिता लिहिता मागच्या अंगणातून धप्प असा आवाज आला. जाऊन पाहिलं तर आई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती आणि उठता येत नव्हतं. लुगड्याचा काठ गुडघ्याखाली सापडला होता.

‘आई, काय करून राह्यलीस?’

‘हात दे आधी.’ उठून उभी राहिली आणि काठ झटकत म्हणाली, ‘टेकायला काही न्हाई. उठायचंच सगळं अवघड. त्या बाया कशा उठतात पटकन?’

मग तिने सांगितलं. मावशीने बिशपांपुढे वचन दिलं होतं, ती गुडघे टेकूनच घेणार. ती इकडे येऊ शकत नाही, तर आपण तिकडे जायचं. गीत सुरू झालं की पुढे जायचं आणि अक्काच्या शेजारी टेकायचं. तिला आधी सांगायचं नाही, नाहीतर ती म्हणेल, तुझे गुडघे दुखतात, नको. ‘तू बिलकुल बोलायचं न्हाई. शपथ घे.’

मी शपथ घेतली. त्यानंतर रोज संध्याकाळी मी आईची तालीम घेत होते. मी एक-दोन-तीन म्हणायचे, ती टेकायची. मी चार-पाच म्हणायचे, ती उठायची. आठवड्याने तिला काठ न अडकता उठता यायला लागलं.

आणि ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, मी मावशीकडे देवळातल्या झावळ्या घेऊन गेले. तिच्याकडे निम्मं सामान बांधून झालं होतं. ट्रंकेवर बसून तिने मला जवळ ओढलं.

‘तुझ्या आईला सांगशील का मी सांगते ते?’

‘नाही.’

‘शपथ?’

‘शपथ.’

‘मी यंदा पुढं जाणार न्हाई. गीत चालू झालं की मी हळूच तुमच्या सतरंजीवर येऊन बसणार, तुझ्या आईच्या बाजूला. आमच्या बापाच्या देवळात बसायचो तसं. बिशपसाहेबांनी म्हटलंय ना, कुणाला परत पाठवू नका. मंग मी इकडून तिकडं गेले तर काय झालं?’

मी मान हलवली. आता तुम्ही म्हणाल, आजी, तेव्हाच तुला कळायला हवं होतं. नाही कळलं. मला इतका आनंद झाला होता, दोघींची गुपितं माझ्यापाशी आहेत याचा इतका तोरा चढला होता, की ती दोन शेजारी ठेवून पाहायचं मला सुचलंच नाही. दोन माणसं एकमेकांच्या दिशेने निघाली की भेटतात, एवढंच माझ्या डोक्यात. सगळं आखून, अंक घालून लिहिणारी मी, आणि हे मात्र आखलं नाही.

ईस्टरच्या पहाटे आम्ही गात गात जिनाकडे निघालो. दुसऱ्या रस्त्याने छावणीवाले येत होते, त्यांचं गाणं आमच्यात मिसळायला लागलं, आणि दोन्ही गाणी वेगवेगळी असल्यामुळे फाटकाशी मोठा गोंधळ झाला. कुणीतरी म्हणालं, ‘आधी एकच गाणं ठरवा रे, एक होणं मंग बघू.’ सगळे हसले. बैलगाडीवाला बाजूला थांबून बघत होता.

शेड झाडून घेतली होती, पण कापूस तो. वाशांवर, पत्र्याच्या खाचांत, जमिनीच्या भेगांत तंतू होतेच, आणि माणसांच्या हालचालीने ते वर उडून परत खाली बसत होते. पुढे दोन गठाणी एकमेकींवर ठेवून त्यांवर पांढरी चादर घातली होती, ते मेज. त्याच्या अलीकडे एक लांब बांबू, तो कठडा. मी गाणाऱ्या मुलींमध्ये, बाजाच्या पेटीजवळ, म्हणजे अगदी पुढे उभी होते. तिथून मला सगळं दिसत होतं.

सातवी बाब आली. गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले. दुसऱ्या कडव्याला छावणीची माणसं पुढे यायला लागली आणि त्यांच्या मागून आई निघाली. लाल काठाचं लुगडं, पदर डोक्यावरून, मान खाली. ती बांबूपाशी आली आणि एका दमात, काठ न अडकवता, गुडघ्यांवर टेकली.  मग तिने डावा तळहात शेजारच्या जमिनीवर ठेवला. ती मावशीची जागा धरून ठेवत होती.

तिसऱ्या कडव्याला मी मान वर केली तर उभ्या माणसांच्या मागून मावशी डावीकडून उजवीकडे येत होती. आमच्या तिसऱ्या सतरंजीवर आईची जागा होती तिथे येऊन थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गीत संपलं, सगळे बसले, मावशीही बसली. शेजारची जागा रिकामी. तिने तिथे आपला रुमाल ठेवला.

 एक बांबूपाशी जागा धरून, एक सतरंजीवर जागा धरून, आणि मधे सगळी मंडळी. छावणीचे पाळक ताट घेऊन बांबूच्या त्या टोकापासून निघाले होते. एकेकाच्या हातावर भाकर ठेवत ते जवळ येत होते. आईने अजून हात वर केला नव्हता. ती सारखी डावीकडे बघत होती. आईपासून पाचव्या माणसापाशी पाळक, मग चौथ्या. आईने शेवटी जमिनीवरचा हात उचलला आणि दोन्ही तळवे पुढे धरले, पण तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. परत ही वेळ यायची नव्हती. मंगळवारी मावशीची गाडी होती.

तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकत नव्हते, शपथ होती आणि उपासना चालू होती. मी फक्त हनुवटी उचलून मागे दाखवलं, सतरंजीकडे. एकदा, आणि तिला कळलं नाही म्हणून परत एकदा. बोलले नाही, म्हणजे शपथ अर्धीच मोडली, असं मी नंतर स्वतःला समजावलं.

आईने मागे वळून पाहिलं. पाळक तिच्यापुढे आले होते, भाकरीचा तुकडा त्यांच्या बोटांत होता. आईने तळवे मिटले. असं कुणी करत नाही.  पाळक क्षणभर थांबले, आणि आईने हात जोडून त्यांना नमस्कार केला, जणू वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाला करतो तसा. मग उठली. चार-पाच. काठ अडकला नाही. सगळ्यांच्या देखत ती मधल्या वाटेने मागे चालत गेली, दोन्ही गुडघ्यांवर कापसाचे पांढरे ठिपके घेऊन. शेडमध्ये इतकी शांतता होती की तिचं बोलणं मला पुढे ऐकू आलं.

‘सरक जरा.’

मावशीने रुमाल उचलला. ‘तू कुठं गेल्तीस?’

‘तुझ्याकडं. तू इथं काय करून राह्यलीस?’

‘तुझ्याकडं आल्ते.’

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग दोघींचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. हसत होत्या. पदर तोंडाला लावून, शेजारच्या बायका वळून बघेपर्यंत. पुढे पाळक शेवटच्या माणसापर्यंत जाऊन ताट मेजावर ठेवत होते. त्यांनी मागे पाहिलं, आणि आमच्या पाळकांना मानेने खूण केली, आता तुमचं.

तिसऱ्या सतरंजीवर ताट माझ्या बाबांकडे होतं, तेही मंडळीने निवडून दिलेल्यांपैकी एक. ताट फिरवताना मंडळीच्या वडिलांनी बोलायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. ते रांगेतून वाकत वाकत आले आणि दोघींपुढे ताट धरलं. तुकडे भरपूर होते, त्या दिवशी काही कमी पडलं नव्हतं. आईने एकच उचलला. बाबांनी ताट तसंच धरून ठेवलं, मावशीसाठी. आईने तुकडा मधोमध मोडायचा प्रयत्न केला, पण पाव ताजा होता, वेडावाकडा मोडला. मोठा अर्धा तिने मावशीच्या हातावर ठेवला. बाबा ताट घेऊन पुढे गेले. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, ‘तो लहान अर्धा पुरला का तुला?’ आई म्हणाली, ‘मास्तर, तुम्ही मुकाट्यानं ताट फिरवायचं.’

उपासना संपल्यावर शेडबाहेर सगळी गर्दी. ज्यांनी गुडघे टेकले त्यांच्या गुडघ्यांना कापूस, जे बसले त्यांच्या मागे. पोरांनी सुरुवातीला त्यावरून मोजायला घेतलं, हा गुडघेवाला, हा बैठा. पण पेटी हलवण्यासाठी, मुलांना आवरण्यासाठी, पडलेलं पुस्तक उचलण्यासाठी जो तो कुठेतरी टेकलाच होता, त्यामुळे मोजदाद लवकरच बिघडली. मावशी आईच्या गुडघ्यांवरचा कापूस झटकत होती. ‘निघत न्हाई बाई,’ ती म्हणाली. ‘असू दे,’ आई म्हणाली.

मंगळवारी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. छावणीचे पाळकही आले होते. त्यांनी आईला वेगळं काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, ‘बाई, तालीम छान झाली होती.’ आईने माझ्याकडे रागाने पाहिलं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. टेकताना आणि उठताना तिचे ओठ आकडे मोजत होते, हे त्यांनी स्वतःच पाहिलं होतं.

तसा एकत्र सोहळा जालन्यात परत माझ्या शाळेच्या दिवसांत झाला नाही. बिशपांच्या पत्रात ‘या एका वेळेस’ असंच होतं. पुढे मी शिकायला बाहेर गेले, आणि निजामाचं राज्य संपायच्या सुमारास दक्षिणेत त्या मोठ्या मंडळ्या खरोखर एक झाल्याची बातमी आली. बाबांनी ती आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, ‘त्यांना लई वर्षं लागली.’

मावशी काझीपेठेहून पत्रं लिहायची. आई त्या ईस्टरनंतर आमच्या देवळात सतरंजीवरच बसायची, पण ताट जवळ आलं की गुडघ्यांवर व्हायची, भाकर घ्यायची आणि परत खाली बसायची. पहिल्यांदा बाबा गोंधळले. मग ते तिच्यापुढे येऊन जरा थांबायला लागले, तिला उठायला वेळ मिळावा म्हणून. कुणी हरकत घेतली नाही. मी सुट्टीत घरी यायचे तेव्हा पाहायचे, तिच्या रांगेत आणखी तीन बायका तसं करायला लागल्या होत्या. त्यांना मी कारण विचारलं. एक म्हणाली, ‘तुझ्या आईचं बघून.’ दुसरीला कारण माहीत नव्हतं.

तेव्हा धाकटीने त्या रकान्यात काय लिहावं हे मला नीट सांगता येत नाही. आपल्या मंडळीचं नाव मी पत्राच्या मागे वेगळं लिहून देते, कचेरीला तेवढं पुरेल. पण धाकटे, तिकडे रविवारी तू जाशील त्या देवळात लोक कसं घेतात, बसून, उभं राहून की गुडघे टेकून, ते मला कळव. गुडघे टेकत असतील तर उठताना कपड्यांचा काठ सांभाळ.